एचएमव्ही १०२ : घरच्या ७८ च्या रेकॉर्डींसाठी घ्यावा असा ग्रामोफोन

घरात आजोबा-पणजोबांच्या वेळच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या, रेकॉर्डी आहेत आणि त्या शोभेसाठी नव्हे, तर ऐकण्यासाठी चावीचा ग्रामोफोन घ्यायचा आहे, असे ज्यांच्या मनात असेल त्यांनी सर्वप्रथम एचएमव्हीचा १०२ क्रमांकाचा पोर्टेबल पाहावा, असे माझे ठाम मत आहे. १९२५ साली आलेल्या १०१ ची जागा या यंत्राने १९३१ मध्ये घेतली आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते बनत राहिले. त्यामुळे आजही ते बऱ्या संख्येने सापडते, त्याचे सुटे भाग मिळतात आणि जुने कारागीर त्याला ओळखतात. बाहेरून पाहिले तर ही कापड चढवलेली, बहुधा काळ्या रंगाची, चौकोनी सुटकेस आहे. कर्णा आतच, टर्नटेबलाखालच्या पोकळीत वळवून बसवला आहे. आवाज मागच्या बाजूने वर येतो आणि उघड्या झाकणावर आपटून खोलीत पसरतो.

पितळी कर्ण्याच्या यंत्रांविषयी येथेच स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मुंबईच्या चोर बाजारात काय किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात काय, चकाकणारा कर्णा, नवीन पॉलिशची पेटी आणि तिच्यावर कुत्र्याचे ठळक चित्र असलेले जे ग्रामोफोन ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ म्हणून दाखवले जातात, त्यांतील बहुतेक अलीकडे जुळवलेले असतात. त्यांच्या पेटीत जी मोटर फिरते आणि पुढे जो साउंडबॉक्स (पिनेची कंपने पडद्याने आवाजात बदलणारी डबी) लटकतो, ते दोन्ही अनेकदा एखादा चांगला पोर्टेबल मोडून काढलेले असतात. कर्ण्याचा पत्रा पातळ असतो, टोनआर्म, म्हणजे साउंडबॉक्स धरणारी पोकळ दांडी, सांध्यात खिळखिळा असतो, पिन खाचेत योग्य कोनात उतरत नाही, आणि त्याचा भुर्दंड रेकॉर्डीला सोसावा लागतो. दिवाणखान्यात ठेवायला अशी वस्तू कोणी घेतली तर माझी हरकत नाही. परंतु तिच्यासाठी एक १०२ कायमचा नाहीसा होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आवाजाविषयी. १९२५ नंतर ध्वनिमुद्रण मायक्रोफोनने होऊ लागले. १०२ ची रचना त्याच काळातील तबकड्यांसाठी झालेली असल्यामुळे तिसाव्या-चाळिसाव्या दशकातील नाट्यगीते, भावगीते आणि ख्याल या यंत्रावर स्वच्छ व खणखणीत वाजतात. अब्दुल करीम खाँ यांच्या तिसाव्या दशकातील ओडियन तबकड्या किंवा हिराबाई बडोदेकरांचे गाणे यावर लावले, तर गळ्यातील बारीक हरकत आणि शब्दाची फेक इतकी समोर येते की, संगणकावर खरखर काढून गुळगुळीत केलेली तीच मुद्रणे त्यापुढे निर्जीव वाटतात. उणीव आहे ती खर्जाची. कर्णा आखूड असल्याने तबल्याचा डग्गा दबतो, आणि पखवाज किंवा मोठा वाद्यवृंद ऐकायचा असेल तर जमिनीवर ठेवायच्या मोठ्या कपाटवजा यंत्राला पर्याय नाही. मायक्रोफोनपूर्व काळातील, म्हणजे गायकाने थेट भोंग्यात गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्याही यावर वाजतात. मात्र १०१ वरील अभ्रकाच्या पडद्याचा ४ क्रमांकाचा साउंडबॉक्स त्यांना अधिक मानवतो, असा माझा अनुभव आहे.

खरेदी करताना सर्वांत आधी साउंडबॉक्स पाहावा, कारण सगळा आवाज तेथेच जन्म घेतो. नंतरच्या १०२ वर ५ए किंवा ५बी हा ॲल्युमिनियमच्या पडद्याचा साउंडबॉक्स असतो. त्याचे कवच ओतीव मिश्रधातूचे असून वयोमानाने ते फुगते व त्याला केसासारख्या चिरा पडतात. अशी चीर दिसली तर ते यंत्र सोडून द्यावे किंवा साउंडबॉक्स वेगळा मिळवण्याची तयारी ठेवावी. कवच धड असेल, तर उरलेले काम साध्य आहे. पडद्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबरी नळीचे बारीक वेटोळे असते आणि इतक्या वर्षांनी ते दगडासारखे कडक झालेले असते. पडदा मोकळेपणाने हलू शकत नाही, मग वरच्या पट्टीतला प्रत्येक सूर पत्र्यासारखा चिरकतो. जाणता कारागीर जुने रबर खरवडून काढतो, मऊ नळी नेमक्या लांबीला कापून तिची टोके जुळवतो, पडदा मधोमध बसवतो आणि पिन धरणारी दांडी पडद्याला जेथे मिळते त्या स्क्रूवर मेणाचा थेंब सोडून हवेची फट बुजवतो. एवढ्या कामाने होणारा फरक कोणाच्याही कानाला कळतो.

मोटरमध्ये दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. स्प्रिंगचे ग्रीस वाळले की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि गाणे चालू असताना आतून ‘धप्प’ असा आवाज येऊन तबकडी किंचित हिसका खाते. स्प्रिंगचा डबा घरी उघडू नये. ताणलेले पोलाद सुटले तर बोटे जायबंदी होतात. दुसरी गोष्ट म्हणजे गव्हर्नर. फिरणारी तीन वजने आणि त्यांच्या चकतीला घासणारी गादी यांच्यामुळे वेग कायम राहतो. गादी कोरडी पडली की वेग डगमगतो. विक्रेता बहुधा एखादे जलद लयीचे गाणे लावून दाखवतो, त्यात हा दोष लपतो. आपण विलंबित ख्यालाची किंवा सनईची रेकॉर्ड सोबत न्यावी आणि लांबवलेला षड्ज ऐकावा. सूर हेलकावत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. एका विक्रेत्याने मला ‘पूर्ण सर्व्हिसिंग केलेले’ म्हणून दिलेल्या यंत्रात नुसते वरून शिवणयंत्राचे तेल सोडलेले निघाले होते, म्हणून ही तपासणी मी आग्रहाने सुचवतो. नेमका वेग पाहायचा असल्यास ५० हर्ट्झच्या विजेवरील जुन्या ट्यूबलाइटखाली ७७ रेषांची कागदी चकती फिरवावी. रेषा स्थिर दिसल्या की वेग ७८ च्या अगदी जवळ असतो.

वापरातील शिस्त मात्र या यंत्राला हवीच. रेकॉर्डीच्या एका बाजूला एकच पोलादी पिन वापरावी. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. ती पिनेचे टोक घासून खाचेच्या आकाराचे करते आणि मग तेच धारदार टोक पुढच्या रेकॉर्डीची खाच कापत जाते. आपल्याकडे कितीतरी घरांत एकच पिन आठवडेच्या आठवडे वापरली गेली, आणि बालगंधर्वांच्या लोकप्रिय तबकड्या आज करड्या पडलेल्या व खरखरणाऱ्या मिळतात त्याचे एक मोठे कारण तेच आहे. नव्या पिना अजूनही बनतात. लहान खोलीसाठी मंद आवाजाच्या घ्याव्यात. एलपी किंवा कोणतीही प्लास्टिकची तबकडी यावर चुकूनही लावू नये, कारण साउंडबॉक्सचा भार तिची खाच एका फेरीत उद्ध्वस्त करतो. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी धरलेल्या रेकॉर्डी पुसताना स्पिरिट वापरू नये, लाख त्यात विरघळते. साबणाचा एखादा थेंब टाकलेले शुद्ध पाणी आणि मऊ ब्रश पुरे. मधला कागद मात्र कोरडा ठेवावा.

झाकणाच्या आत रेकॉर्डी ठेवायची सोय, पिनांचा कप्पा आणि गाणे संपल्यावर आपोआप लागणारा ब्रेक या सोयी आजही उपयोगी आहेत. फार जुन्या तबकड्यांना शेवटी आत वळणारी खाच नसते, त्यांच्या बाबतीत ब्रेकवर विसंबू नये आणि टोनआर्म हाताने उचलावा. चावी देण्याचे मूळ हँडल आहे का, ते विचारून घ्यावे. दुसऱ्या यंत्राचे हँडल आट्यांत नीट बसत नाही आणि जबरदस्तीने फिरवल्यास आटे झिजतात. रंगीत १०२, म्हणजे लाल, निळा किंवा हिरवा, दिसला तर विक्रेता भरमसाट किंमत सांगतो. ऐकण्याच्या दृष्टीने तो आणि काळा यांत काहीही फरक नाही, तेव्हा वाचलेले पैसे साउंडबॉक्स आणि स्प्रिंगच्या कामावर खर्च करावेत.