म्युनिकला आल्या आल्या डॉइचलँड-तिकीट घ्यावं का?

म्युनिकला नोकरीसाठी येणाऱ्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो हाच: डॉइचलँड-तिकीट, म्हणजे देशभरातल्या शहरी आणि प्रादेशिक गाड्या-बसचं तिकीट, काढून घे. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. हा महिन्याभराचा पास नाही. ही दरमहा आपोआप पुढे चालू राहणारी वर्गणी आहे, आणि नवख्याचे पैसे जातात ते बहुतेक वेळा या फरकापायीच.

आधी किंमत. १ मे २०२३ ला हे तिकीट ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झालं आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो आहे. म्हणजे वाढ बरीच झाली. तरी शहरातल्या एकेरी तिकिटाला चार युरोंच्या आसपास पडतात, तेव्हा महिन्यात आठ दिवस ऑफिसला जाऊन-येऊन केलं की ६३ वसूल. घर बाहेरच्या झोनमध्ये असेल तर त्याहून लवकर. घरूनच काम असेल आणि बाहेर पडणं क्वचितच होत असेल, तर मात्र दहा पट्ट्यांचं श्ट्राइफनकार्टे बरं, त्यातल्या पट्ट्या दर प्रवासाला वापरायच्या. शहराच्या एम झोनमध्ये मोठ्या माणसाला एका बाजूच्या प्रवासाला दोन पट्ट्या लागतात. कागदी कार्ड असेल तर प्रवास सुरू करण्याआधी निळ्या मशीनमध्ये शिक्का मारावा लागतो, नाहीतर पैसे भरूनही तुम्ही विनातिकीटच. डॉइचलँड-तिकिटाला शिक्क्याची भानगड नाही.

मुंबईत लोकलचा पास दोन स्टेशनांमधला असतो. इथे हद्द गावावरून ठरत नाही, गाडीच्या प्रकारावरून ठरते. ऊ-बान (मेट्रो), एस-बान (लोकल), ट्राम, सिटी बस, आणि आरबी व आरई अशी अक्षरं असलेल्या प्रादेशिक गाड्या, या सगळ्यांत हे तिकीट देशभर चालतं, फक्त दुसऱ्या वर्गात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत आणि फ्लिक्स या खासगी कंपनीच्या गाड्या व बसमध्ये ते चालत नाही. (काही मोजक्या मार्गांवर आयसीमध्ये चालतं, पण म्युनिकच्या माणसाला त्याचा उपयोग नाही.) तिकीट हॅम्बुर्गच्या कंपनीकडून घेतलं काय आणि म्युनिकच्या कंपनीकडून घेतलं काय, चालतं सारखंच. त्यामुळे विक्रेता निवडताना नाव पाहू नका, दोनच गोष्टी पाहा: पैसे कसे घेतात आणि वर्गणी बंद करणं किती सोपं आहे.

पैसे घेण्याची नेहमीची पद्धत म्हणजे बँक खात्यातून थेट वजावट. त्यासाठी आयबॅन, म्हणजे बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागतो. जर्मन आयबॅन डीईने सुरू होतो आणि २२ अक्षरांचा असतो. नव्याने आलेल्याची इथेच अडचण होते: खातं उघडलेलं नसतं, आणि काही विक्रेते खरेदीच्या वेळी पत तपासतात, तेव्हा ज्याची जर्मनीत काहीच नोंद नाही त्याचा अर्ज कारण न सांगता परत येतो. अशा वेळी त्याच ॲपवर पुन्हा पुन्हा डोकं आपटू नये. कार्ड किंवा पेपाल घेणारेही विक्रेते आहेत, त्यांच्याकडे जावं. युरोपातल्या दुसऱ्या देशाचा आयबॅन नाकारणं कायद्यात बसत नाही, पण तिकिटाच्या फॉर्मशी कायद्याचा वाद घालण्यापेक्षा दुसरा विक्रेता धरणं सोपं. वजावटीच्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर बँकेचा खर्च अंगावर येतो आणि तिकीट बंद पडू शकतं. पहिला पगार महिनाअखेरीस येतो, हे लक्षात ठेवून शिल्लक ठेवा.

त्याआधी ऑफिसच्या एचआरला एक प्रश्न जरूर विचारा: जॉबतिकीट, म्हणजे कंपनीमार्फत स्वस्तात मिळणारं हेच तिकीट, आहे का? कंपनी किमान २५ टक्के भरत असेल तर वरून आणखी ५ टक्के सूट मिळते, म्हणजे ६३ चं तिकीट जास्तीत जास्त ४४.१० युरोंना पडतं. काही कंपन्या पूर्ण रक्कम भरतात. घाईघाईने स्वतःचं तिकीट काढून मग जॉबतिकीट घेतलं, तर एक महिना दोन्हीकडून पैसे जातात.

आता तारखा. तिकीट कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत. तुम्ही २० तारखेला उतरलात आणि लगेच काढलंत, तर बहुतेक विक्रेते पूर्ण ६३ घेतात. काही जण पहिल्या महिन्याचे उरलेल्या दिवसांपुरतेच घेतात, म्हणून पैसे भरण्याआधी शेवटच्या पानावरची रक्कम नीट वाचा. नाहीतर इसारकार्ड हा म्युनिकचा आठवड्याचा पास घ्या. ते कुठल्याही तारखेपासून सुरू होतं आणि सात दिवस चालतं. डॉइचलँड-तिकीट बंद करायचं असेल तर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं, तरच ते त्या महिनाअखेरीस थांबतं. अकराव्या तारखेला आठवण झाली की पुढच्या महिन्याचे पैसे गेले. दिवाळीला महिनाभर घरी जाणार असाल तर आदल्या महिन्यातच १० तारखेच्या आत बंद करा आणि परत आल्यावर नवीन काढा. वर्गणी मध्येच थांबवून ठेवण्याची सोय सगळीकडे नसते.

विमानतळ एमव्हीव्हीच्या (म्युनिक परिसराच्या वाहतूक संघटनेच्या) झोन ५ मध्ये येतो आणि तिथे डॉइचलँड-तिकीट चालतं. एस१ आणि एस८ या एस-बानच्या दोन्ही गाड्या जातात, साधारण पाऊण तासात. एस१ मध्ये एक गोम आहे: नॉयफार्नला गाडीचे दोन भाग होतात, मागचा भाग विमानतळाला जातो आणि पुढचा फ्रायझिंगला. दोन-दोन बॅगा घेऊन पुढच्या डब्यात बसलेला माणूस फ्रायझिंगला पोचतो. डब्यावरची आणि फलाटावरची पाटी वाचूनच चढा. ओबरलांडच्या डोंगरांकडे जाणाऱ्या बीआरबी या रेल्वे कंपनीच्या गाड्याही होल्त्सकिर्खनला अशाच फुटतात. आणि हो, दार आपोआप उघडेल म्हणून उभे राहू नका, बटण दाबावं लागतं.

शनिवार-रविवारी हे तिकीट खरं वसूल होतं. गार्मिश, मिटेनवाल्ड, फ्युसेन, न्युरेम्बर्ग, सगळं त्याच ६३ मध्ये. प्रादेशिक गाडीने ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंतही जाता येतं. शहरातल्या बससाठी मात्र वेगळं तिकीट, आणि सीमा ओलांडताना पासपोर्ट व रहिवासाचं कार्ड जवळ हवं. किंमत वेळात मोजावी लागते: न्युरेम्बर्गला आयसीईने सव्वा तासाच्या आत पोचता, आरईने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. बर्लिनला या तिकिटावर जाण्याचा हट्ट धरू नये, अख्खा दिवस गाड्या बदलण्यात जातो.

स्टेशनवर फाटकं नाहीत, म्हणून कोणी तपासत नाही असं वाटतं. साध्या कपड्यातले तपासनीस कधीही येतात. तिकीट नावावर असतं, म्हणून नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा, वडिलांचं नाव मधे असेल तर तेही. फोटो असलेलं मूळ ओळखपत्र जवळ असावं. स्क्रीनशॉट चालत नाही, ॲपमधलाच कोड दाखवावा लागतो, त्यामुळे चढण्याआधी ॲप एकदा उघडून महिना बदललाय का ते बघा. फोनची बॅटरी संपली तर ६० युरोंची पावती फाटते. आठवड्याच्या आत वैध तिकीट दाखवलं की ती साधारण ७ युरोंवर येते, म्हणून पावती फेकू नका. ज्यांचा फोन संध्याकाळी मान टाकतो त्यांनी चिपकार्डाचा पर्याय घ्यावा, फक्त ते टपालाने येतं आणि दारावरच्या पाटीवर तुमचं नाव नसेल तर परत जातं.

तक्रार करायची तर तिकिटापेक्षा एस-बानची. जवळपास सगळ्या लाइनी शहराच्या मधल्या एकाच बोगद्यातून जातात. तिथे काही अडकलं की सगळं अडकतं, आणि शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी तो बंद ठेवून बदली बस सोडतात. घर शोधताना जवळ ऊ-बान असेल तर थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही. भरपाईच्या बाबतीत हे तिकीट कंजूष आहे: ६० मिनिटं उशीर झाला तर दीड युरो, तेही एकूण चार युरो जमल्याशिवाय मिळत नाहीत. उशीर झाला म्हणून आयसीईत बसायची मुभाही नाही.

पाचपैकी चार तारे, एक कापला तो वर्गणीच्या अटींसाठी.

कुटुंबासाठी: सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, त्यापुढे प्रत्येकाला स्वतःचं. सोबत कोणाला फुकट नेता येत नाही. आई-बाबा महिनाभर आले तर त्यांच्यासाठी वर्गणी काढून पुन्हा १० तारखेचा हिशेब सांभाळण्यापेक्षा फिरण्याच्या दिवशी गटाचं दिवसभराचं तिकीट घ्या. त्यात पाच मोठी माणसं बसतात, आणि ६ ते १४ वर्षांची दोन मुलं मिळून एक मोठं माणूस धरतात. शहराबाहेर जायचं असेल तर बायर्न-तिकीट, म्हणजे बायर्न राज्यभर चालणारं एका दिवसाचं तिकीट, पण ते सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं. आठ पन्नासच्या गाडीत त्यांना बसवू नका.