डायल ‘प्रूफ’, केसबॅक ‘रेझिस्ट’: जुन्या सीकोच्या नावाखाली झालेली फसवणूक

जुनं डायव्ह वॉच (पाणबुड्यांसाठीचं घड्याळ) घ्यायच्या विचारात असाल तर पैसे पाठवण्याआधी एवढं वाचा. मला विकलेल्या घड्याळातले जवळजवळ सगळे भाग कंपनीचेच होते. तरीही ती शंभर टक्के फसवणूक होती, आणि बेमालूम केलेली होती.

घड्याळ होतं सीको 6105-8110. एका बाजूला फुगीर केस (बाहेरचं धातूचं कवच), चार वाजण्याच्या जागी क्राउन (वेळ लावायची कळ). 1979 च्या एका युद्धपटात मार्टिन शीनच्या मनगटावर ते दिसलं आणि संग्राहकांत त्याच्या पात्राच्या नावाने ‘विलार्ड’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. हे मॉडेल 1970 पासून 1977 पर्यंत बनलं. त्यातल्या अगदी सुरुवातीच्या घड्याळांच्या डायलवर ‘वॉटर 150 एम प्रूफ’ असं छापलेलं असतं. लवकरच ‘प्रूफ’ जाऊन ‘रेझिस्ट’ आलं. बदल एका शब्दाचा, पण प्रूफवाली थोडी आहेत म्हणून लोक त्यांच्यामागे धावतात. विक्रेत्याने मला ‘पहिल्या वर्षातलं, प्रूफ डायल, सगळं ओरिजिनल’ असं सांगितलं होतं. सोबत गोष्टही होती: वडील पाणबुडे, घड्याळ कायम त्यांच्या हातात, नंतर कित्येक वर्षं कपाटात. फोटो भरपूर पाठवले. केसबॅकचा (मागच्या झाकणाचा) मात्र एकच, आणि त्यात नेमका अंकांवर उजेड पडून ते पुसट झालेले.

घड्याळ हातात आलं, भिंग लावलं आणि केसबॅक वाचलं. त्यावर ‘रेझिस्ट’. सीरियल नंबर 48 ने सुरू होणारा. त्या काळच्या सीकोमध्ये पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा महिना सांगतो. (ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही अक्षरं.) म्हणजे वर्ष चारने संपणारं, महिना ऑगस्ट. हे मॉडेल 1964 मध्ये नव्हतं आणि 1984 मध्येही नव्हतं, तेव्हा उरलं फक्त ऑगस्ट 1974. त्या वेळी प्रूफ डायल बसवणं बंद होऊन काही वर्षं झाली होती.

मग डायल नीट पाहिला. तासांच्या खुणांभोवती धातूच्या बारीक चौकटी असतात. दोन ठिकाणी फिकट पिवळा लूम (अंधारात चमकणारा लेप) चौकटीवर चढला होता, म्हणजे तो नंतर कोणीतरी हाताने भरलेला. रंग मुरलेल्या जुन्या लूमसारखा, पण अंधारात नेलं तर खुणा कितीतरी वेळ हिरव्या चमकत राहिल्या आणि काटे पार काळे. चाळीस-पन्नास वर्षांचा मूळ लूम टॉर्च मारल्यावर जेमतेम चमकून विझतो, आणि खुणा व काटे सहसा सारखेच विझतात.

सगळ्यात ठोस पुरावा जुन्या विक्रीच्या फोटोंत मिळाला. क्राउनच्या वरच्या कडेवर एक तिरका टवका आहे, शेजारी दोन बारीक ओरखडे. अगदी तोच टवका आणि तेच ओरखडे असलेलं घड्याळ काही काळ आधी दुसऱ्या कोणीतरी विकलं होतं. तेव्हा त्यात डाग पडलेला ‘रेझिस्ट’ डायल होता. म्हणजे साधं 1974 चं घड्याळ घेतलं, कुठल्यातरी मोडलेल्या घड्याळाचा प्रूफ डायल बसवला, लूम भरला आणि वडिलांची गोष्ट जोडली.

विक्रेत्याचं उत्तर ऐकण्यासारखं होतं. ‘इतक्या वर्षांत सर्व्हिसिंगमध्ये केसबॅक बदललं असेल. भाग सगळे सीकोचेच आहेत ना?’ ही पळवाट चालते, कारण संग्राहकांत हा वाद खरंच आहे. एक बाजू म्हणते, डायव्ह वॉच हे वापरायचं हत्यार, त्याचे काटे, काच, बेझल (काचेभोवतीचं फिरतं कडं) बदलणारच. दुसरी म्हणते, कारखान्यातून जसं निघालं तसंच हवं. मला पहिली बाजू जास्त पटते. पण बदल लपवून जास्त पैसे घेतले की तो वाद संपतो.

रोलेक्सच्या बाबतीतही हाच खेळ चालतो. सबमरिनर 5513 हे 1962 ते 1989 या काळात बनलं. त्यातल्या बहुतेक डायलच्या तळाशी ‘स्विस’च्या जोडीने ‘टी’ आणि 25 असतं, ते लूममधल्या ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थासाठी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कंपनीने ट्रिटियम सोडलं, त्यामुळे नुसतं ‘स्विस’ आणि रात्रभर उजळणारा लूम दिसला तर तो बहुधा नंतर बसवलेला सर्व्हिस डायल. डायल खराच असतो, पण घड्याळासोबत जन्मलेला नसतो. ब्रिटिश नौदलाच्या सबमरिनरचं तर विचारूच नका. तलवारीच्या आकाराचे काटे, साठही मिनिटांच्या रेघांचं बेझल, डायलवर वर्तुळातला टी. हे एवढं बसवलं की साध्या घड्याळाला नौदलातली नोकरी मिळते.

आणि मोठ्या लिलावगृहाचा कागद आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. 2021 मध्ये जिनिव्हात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकहून जास्त किमतीला गेलं. घेणारं ओमेगाचंच संग्रहालय! पुढे 2023 मध्ये कंपनीनेच सांगितलं की ते इकडचे तिकडचे भाग जोडून बनवलेलं होतं आणि त्यात आपल्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

तेव्हा 6105 घेताना केसबॅकचा स्पष्ट फोटो मागा, सीरियल नंबरवरून वर्ष काढा आणि ते डायलशी जुळतंय का पाहा. केसबॅक उघडून मूव्हमेंटचा (आतल्या यंत्रणेचा) फोटो मागा. क्राउन ओढल्यावर सेकंद काटा थांबतो का, त्याचा व्हिडिओ मागा, कारण 6105-बी मूव्हमेंटमध्ये तो थांबतो. टॉर्च मारून लगेच अंधारात काढलेला व्हिडिओही हवा. यातलं काही द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर घड्याळ कितीही देखणं असो, सोडून द्या. ऑनलाइन पैसे ‘मित्राला पैसे’ या प्रकाराने पाठवायला सांगितलं तर तिथेच थांबा. त्यात खरेदीदाराला कसलंच संरक्षण मिळत नाही.

मी पैसे खरेदी म्हणूनच पाठवले होते, त्यामुळे तक्रार करता आली. दोन्ही विक्रींचे फोटो शेजारी शेजारी लावले, टवक्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि केसबॅकचा जवळून काढलेला फोटो जोडला. विक्रेत्याने आधी अर्धे पैसे देऊ केले. मी नाही म्हटलं. घड्याळ परत पाठवल्यावर पूर्ण रक्कम मिळाली, पाठवणीचा खर्च मात्र माझ्याच खिशातून गेला. तेच घड्याळ तो आता पुन्हा विकतोय. डायल तोच, गोष्ट वडिलांऐवजी काकांची, आणि या वेळी केसबॅकचा फोटोच नाही.