टायमिंग बेल्ट सरकतोय: फ्लँज कुठल्या पुलीला लावायचा?

आधी एक गोष्ट, पुल्या अगदी सरळ रेषेत असल्या तरी टायमिंग बेल्ट (आतून दात असलेला पट्टा) थोडासा एका बाजूला सरकतोच, कारण त्याच्या आतल्या दोऱ्यांना पीळ असतो, त्यामुळे कुठेतरी फ्लँज (बेल्ट बाहेर निसटू नये म्हणून पुलीच्या कडेला असलेली उंच गोल कड) लागणारच, प्रश्न फक्त कुठे. सपाट पट्ट्याची पुली मधे फुगीर ठेवतात, ती युक्ती इथे चालत नाही, मधल्याच दोऱ्यांवर सगळा ताण येतो.

दोन पुल्यांचा साधा ड्राइव्ह असेल तर माझं मत सरळ आहे, छोट्या पुलीला दोन्ही बाजूंनी फ्लँज घ्या आणि मोठी पुली बिनफ्लँजची, बेल्टपेक्षा जराशी रुंद. स्वस्तही पडतं आणि बेल्ट एकाच ठिकाणी धरला जातो. एकेक फ्लँज दोन पुल्यांना विरुद्ध बाजूंनी लावला तरी काम होतं, पण मग सगळं फिटिंगवर आलं, एक पुली शाफ्टवर जराशी सरकली की बेल्ट दोन फ्लँजमधे चिमटतो. दोन्ही पुल्यांना दोन्हीकडून फ्लँज तेव्हाच, जेव्हा शाफ्टमधलं अंतर छोट्या पुलीच्या व्यासाच्या 8 पटीपेक्षा जास्त असेल, म्हणजे 30 मिमीची पुली असेल तर 240 मिमीच्या पुढे. शाफ्ट उभे असतील तर बिनफ्लँजच्या पुलीलाही खालच्या बाजूला एक हवाच, नाहीतर बेल्ट वजनाने खाली उतरतो.

पण फ्लँज म्हणजे अलाइनमेंटला, म्हणजे पुल्या आणि शाफ्ट सरळ बसवण्याला, पर्याय नाही हो! बेल्ट सतत फ्लँजला घासत असेल तर कडेला काळी रबराची पूड साचते, मग कडेचे धागे सुटायला लागतात. शाफ्ट तिरके असणं सगळ्यात वाईट, कारण सगळा लोड एका कडेवर येतो आणि दात एकाच बाजूने झिजतात. मर्यादा साधारण पाव डिग्री, म्हणजे मीटरभर अंतरात 4 मिमीच्या आसपास, आणि हे व्ही-बेल्टपेक्षा बरंच कडक आहे.

मोजायला स्ट्रेटएज (अगदी सरळ कडेची पट्टी) की लेझर? जवळच्या पुल्यांना स्ट्रेटएज पुरतो, दोन्ही पुल्यांच्या दोन-दोन कडांना, असा चारही ठिकाणी टेकला पाहिजे, फक्त एका पुलीला फ्लँज आणि दुसरीला नसेल तर फ्लँजच्या जाडीने फसगत होते, तेव्हा दातांच्या कडेपासून मोजा. अंतर लांब असेल तर लेझरच घ्या. आणि ताण दिल्यावर, बोल्ट आवळल्यावर परत एकदा तपासा, मोटर तिथेच तिरकी होते.