आधी स्कॅनर, मग स्कोप : कायोटींपासून शेळ्या राखताना वापरलेली थर्मल उपकरणं

आधी निष्कर्ष, मग तपशील. रात्री कायोटींपासून (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) शेळ्या-मेंढ्या राखायच्या असतील आणि खिशात एकाच महागड्या वस्तूपुरते पैसे असतील, तर हातात धरायचा थर्मल स्कॅनर घ्या, म्हणजे अंगाची उष्णता टिपून अंधारात चित्र दाखवणारी दुर्बीण. रायफलीवर बसवायची तशीच दुर्बीण, म्हणजे थर्मल स्कोप, नंतर. दुकानात आणि यूट्यूबवर बहुतेक जण याच्या उलट सांगतात. मी दोन्ही गेल्या नोव्हेंबरपासून वापरतोय. थंडीत वापरले, करडांच्या हंगामात वापरले, ऑगस्टच्या काहिलीतही वापरले, आणि हे मत दर महिन्याला आणखी पक्कं होत गेलं.

जागा टेक्सासमधली, ऑस्टिनच्या वायव्येची लानो काउंटी. गुलाबी ग्रॅनाइटचे खडक, ओक, मेस्किट आणि निवडुंग. इथे आमचा जमिनीचा एक तुकडा आहे. टेक्सासमध्ये जमीन खरोखर शेती किंवा गुरांसाठी वापरात असेल, तर मालमत्ता कर बाजारभावावर न लागता तिच्या उत्पादनक्षमतेवर लागतो. त्यामुळे शहरात नोकरी करणारे आमच्यासारखे बरेच लोक जमीन शेजारच्या रँचरला चराईला देतात. आमच्याकडे शेजाऱ्यांच्या बोअर आणि स्पॅनिश शेळ्या चरतात. शेजाऱ्यांचं वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, रात्रभर बसणं त्यांना जमत नाही. करडं फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात आणि नेमकं त्यानंतरच नुकसान सुरू होतं. सकाळी मोजायला जावं तर एक कमी, दोन दिवसांनी आणखी एक कमी. ते काही बोलत नाहीत, फक्त वहीत लिहून ठेवतात. त्या वहीची पानं बघून मी यात पडलो.

कायोटी आपल्या कोल्ह्यापेक्षा थोडी मोठी आणि लांडग्यापेक्षा बरीच लहान. वजन साधारण १० ते १८ किलो. जानेवारी ते मार्च हा जोडी जमण्याचा काळ, दोन महिन्यांची गर्भावस्था, एप्रिल-मेमध्ये पिल्लं. म्हणजे इकडे करडं उड्या मारायला लागतात तेव्हाच तिकडे बिळात पिल्लांची तोंडं वाढलेली असतात. अमेरिकेत शिकारी प्राण्यांमुळे होणाऱ्या मेंढ्या-कोकरांच्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त कायोटींमुळे होतात.

उपकरणाकडे वळण्याआधी एक सांगायलाच हवं, कारण याशिवाय हजारो डॉलरचं यंत्र निरुपयोगी आहे. मेलेलं करडू सापडलं की ते कायोटीनेच मारलं, असं धरून चालू नका. मानेची कातडी सोलून बघा. कायोटी जबड्याच्या मागे, घशाला धरते. जिवंतपणी धरलं असेल तर कातडीखाली सुळ्यांच्या खुणांभोवती रक्त साकळलेलं, काळंनिळं दिसतं. आधीच मेलेल्या करडाला नंतर कुणी खाल्लं असेल तर तसं रक्त साकळत नाही. मागच्या मांड्या, कान, बगला अशा कुठेही फाडलेल्या असतील तर बहुधा गावातली मोकाट कुत्री. शेजाऱ्यांनी हे मला खिशातल्या चाकूने दाखवलं, आणि पहिल्या तीनपैकी एक करडू थंडीने मेलेलं निघालं.

आता स्कॅनर. माझा ३८४×२८८ ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) सेन्सरचा, १२ मायक्रॉन पिक्सेलचा, ३५ मिलिमीटर भिंगाचा आहे. किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास. डब्यावर 'डिटेक्शन रेंज' म्हणून दीड-दोन किलोमीटरचा आकडा छापलेला असतो. त्याकडे लक्ष देऊ नका. तो आकडा साधारण माणसाएवढी उबदार वस्तू 'तिथे काहीतरी आहे' इतपत दिसण्याचा असतो. काय आहे, ते त्यात येत नाही. हिशोब सोपा आहे. १२ मायक्रॉनला ३५ मिलिमीटरने भागलं की २०० मीटरवर एक पिक्सेल सुमारे ७ सेंटिमीटर व्यापतो. खांद्यापर्यंत ५५ सेंटिमीटर उंच असलेली कायोटी तिथे जेमतेम आठ पिक्सेल उंच दिसते. ४०० मीटरवर चार. चार पिक्सेलचा ठिपका कायोटी आहे, बोकड आहे की राखणीचा कुत्रा, हे छातीठोकपणे कुणीही सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्याबरोबर रात्री रानात जाऊ नका. ६४०चा सेन्सर आणि ५० मिलिमीटरचं भिंग घेतलं तर २०० मीटरवर पिक्सेल पाच सेंटिमीटरच्या आत येतो. फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. खिशालाही जाणवतो, किंमत दुपटीकडे जाते.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. रायफलीवरच्या स्कोपमधून रान न्याहाळायचं म्हणजे जे काय दिसेल त्याच्यावर बंदुकीची नळी रोखून मग ते काय आहे हे ठरवायचं. रात्री कुंपण दुरुस्त करायला आलेला माणूस असू शकतो, शेजाऱ्यांचं वासरू असू शकतं. हातातला स्कॅनर असला की बंदूक खाली, सेफ्टीवर, आणि बघणं निवांत. शिवाय रात्रीचा नव्वद टक्के वेळ बघण्यातच जातो. छोट्या दृष्टिक्षेत्राच्या जड रायफलीतून तास-तास बघून मान आणि खांदा दोन्ही जातात.

फेब्रुवारीतल्या एका रात्रीचं सांगतो. पारा शून्याच्या आसपास, वारा उत्तरेचा. शेजारी त्या दिवशी हट्टाने बरोबर आले होते. पाणवठ्याच्या बांधावर एक लखलखीत आकृती, मान खाली, शेळ्यांच्या दिशेने हळूहळू चाललेली. ते कुजबुजले, "हीच ती. घे." मी स्कॅनर तसाच धरून थांबलो. आकृतीने मान वर केली आणि गळ्यावर एक काळा पट्टा दिसला, रुंद, सरळ. पट्टा म्हणजे कातड्याचा गळपट्टा, तो अंगापेक्षा थंड म्हणून काळा. तो त्यांचाच ग्रेट पिरनीज कुत्रा होता, करडांच्या मागे फेरी मारत असलेला. या कुत्र्यांची लोकर इतकी दाट असते की अंगाची उष्णता फारशी बाहेर पडत नाही. नुसता चेहरा आणि पाय चमकतात, त्यामुळे दुरून धिप्पाड कुत्रा आहे त्यापेक्षा लहान भासतो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या कुत्र्यांना रुंद पट्टे घातले, दोघांना जीपीएसचेही. तुमच्याकडे राखणीचे कुत्रे असतील तर हे काम थर्मल घेण्याच्या आधी करा.

कायोटी ओळखायला मला सगळ्यात जास्त मदत होते ती चालीची. शेपूट खाली, पाठीच्या रेषेखाली, पळतानासुद्धा. एका सरळ रेषेत दुडकी चाल, मध्येच थांबून मागे बघणं. पिरनीजची शेपूट सावध असताना पाठीवर वळते. हरणाचे पाय लांब, रॅकून कुबड काढून चालतो, रानडुकरं घोळक्याने आणि नाक जमिनीला लावून. पहिले दोन-तीन आठवडे नुसतं बघण्यात घालवा. बंदूक घरी ठेवा.

उन्हाळ्याबद्दल जाहिरातीत कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. आमच्याकडचा ग्रॅनाइट दिवसभर तापतो आणि मध्यरात्र उलटली तरी ऊब सोडत राहतो. संध्याकाळी स्कॅनर लावला की अख्खी टेकडी निखाऱ्यांसारखी पेटलेली, आणि त्यात कायोटी कुठली, खडक कुठला काही कळत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पहाटे तीननंतरच चित्र स्वच्छ होतं. दमट हवेत आणि धुक्यात तापमानातली तफावत आणखी मरते. तेव्हा 'एनईटीडी' नावाचा आकडा कामाला येतो. तो जितका कमी तितकी बारीक तफावत दिसते. २५ मिलिकेल्विनच्या आतलं घ्या, सेन्सरचा आकार एक पायरी खाली गेला तरी चालेल. आणखी एक, गाडीच्या काचेतून काहीही दिसत नाही. ही किरणं काचेतून जात नाहीत. म्हणूनच यांची भिंगं जर्मेनियमची असतात, आणि म्हणूनच ती इतकी महाग पडतात. काच खाली करावीच लागते, थंडी असो वा डास.

स्कोपबद्दल थोडक्यात. .२२३ कॅलिबरच्या रायफलीवर बसवला आहे. नेम जुळवायला साधा कागद चालत नाही, कारण कागदाचं तापमान सगळीकडे सारखं. पुठ्ठ्याच्या मागे हात शेकायची पुडी चिकटवली की मधोमध गरम ठिपका मिळतो. १०० मीटरवर जुळवलेला नेम महिनोन्महिने हलला नाही, याबद्दल पूर्ण गुण. पण स्कोप मार्चमध्ये, ऐन करडांच्या हंगामात, चालू असतानाच गोठायला लागला, म्हणजे चित्र जागच्या जागी थांबायचं. पॉवर बंद करून पुन्हा चालू करायला वेळ लागतो आणि तेवढ्यात रात्र वाया. कंपनीने दुरुस्तीसाठी मागवला आणि पाच आठवडे ठेवून घेतला. त्या पाच आठवड्यांत मी एकही गोळी झाडू शकलो नाही, पण स्कॅनर हातात होता, आणि कुठून येतात, किती वाजता येतात, कुंपणाच्या कुठल्या भोकातून येतात, हे सगळं त्याच काळात कळलं. ते भोक बुजवल्यावर नुकसान निम्म्यावर आलं. माझं मत सगळ्यात जास्त याच गोष्टीने ठरवलं.

बॅटरीचं सांगायचं तर १८६५० प्रकारच्या बदलता येणाऱ्या बॅटऱ्यांचं मॉडेलच घ्या. आत बंद केलेली बॅटरी थंडीत पहाटेपर्यंत पुरत नाही.

कायोटींना जवळ बोलावण्यासाठी प्राण्यांचे आवाज वाजवणाऱ्या यंत्राचाही अनुभव लिहितो. सशाचा ओरडा हिवाळ्यात चालतो, उन्हाळ्यात पिल्लांच्या रडण्याला नर-मादी दोघंही धावून येतात. यंत्र स्वतःपासून ४०-५० मीटर लांब ठेवावं, वारा आडवा घ्यावा. कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने वास घ्यायला येते. तो वळसा जिथून जातो ती बाजू मोकळी आणि मागे मातीचा बांध असलेली हवी. गोळीच्या मागे काय आहे हे अंधारात थर्मल नीट दाखवत नाही, घर सपाट आणि अंधुक दिसतं, म्हणून जागा दिवसाच पाहून ठरवायची.

मारून उपयोग होतो का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. सरसकट मारून होत नाही. अमेरिकी सरकारच्या 'वाइल्डलाइफ सर्व्हिसेस'ने २०२१ या एका वर्षात ६४ हजारांवर कायोटी मारल्या, आणि तरी हा प्राणी पश्चिमेकडून पसरत अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचलेला आहे. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी गणित मांडून दाखवलं की दरवर्षी ७५ टक्के मारल्या तरी त्या संपायला पन्नास वर्षं लागतील. कमी झाल्या की उरलेल्या लवकर वितात, पिल्लं जास्त जगतात. पण त्याच राज्यात हॉपलंड इथल्या मेंढपालन केंद्रावर १९९०च्या दशकात जे आढळलं ते जास्त कामाचं आहे. कोकरं मारणाऱ्या बहुतेक कायोटी म्हणजे त्या इलाक्यातली वीण असलेली जोडी, भटक्या तरुण नव्हेत. आवाजाला सहज फसून येतात ते मात्र बहुधा हे तरुणच. म्हणजे दर रात्री चार आवाज वाजवून येईल त्याला मारत सुटलं तर खरी जोडी तशीच राहते. वर्षभर शेळ्यांना हात न लावणारी जोडी तुमच्या रानात असेल तर तिला राहू द्या, ती दुसऱ्यांना येऊ देत नाही. आमच्या दक्षिण टोकाला अशी एक जोडी आहे. स्कॅनरमध्ये नेहमी दिसते, उंदीर-ससे पकडते, शेळ्यांच्या बाजूने वळसा घालून जाते. तिच्यावर मी रायफल उचललेली नाही आणि शेजाऱ्यांनाही ते पटलेलं आहे. उत्तरेकडची जोडी कुंपणाखालून येत होती, तिच्यातला नर एप्रिलमध्ये मारला. त्यानंतर त्या बाजूला करडू गेलेलं नाही.

आपल्या लोकांसाठी कायद्याचं. टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने कायोटी वर्षभर, रात्रीही मारता येते. दुसऱ्या राज्यांचे नियम वेगळे आहेत, तिथले बघा. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. एच-१बी किंवा तसल्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मुळात बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. मित्राची रायफल 'जरा धरून बघणं'सुद्धा यात येऊ शकतं, म्हणून आधी वकिलाला विचारा. आणि ही थर्मल उपकरणं सुट्टीला गावी जाताना बॅगेत टाकू नका, अमेरिकेबाहेर नेण्यावर निर्यात नियंत्रण आहे. सोलापूर-नगरकडच्या धनगरांना वाघूर (जाळीचा कोंडवाडा) लावून, कुत्री घेऊन लांडग्यांपासून राखण करताना मी लहानपणी पाहिलंय. भारतात लांडग्याला १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तिथे बंदुकीचा प्रश्नच नाही. नुसत्या बघण्याच्या यंत्राने तिथेही रात्रीचा जागता माणूस बराच पुढे राहील, असं मला मनापासून वाटतं.

कुणी घ्यावं? दहा-पंधरा शेळ्या असतील तर घेऊ नका. त्याच पैशात रात्री कोंडायला पक्का गोठा आणि एक चांगला कुत्रा होतो. कळप मोठा असेल, करडं रानातच होत असतील, तर ३८४चा स्कॅनर, २५ मिलिकेल्विनच्या आतला, बदलत्या बॅटरीचा. त्याच्याबरोबर मेलेली करडं आणि व्यायलेल्या शेळ्यांची वार पुरायला एक फावडं, कारण उघड्यावर टाकलेलं मांस हेच कायोटींना पहिलं आमंत्रण असतं. स्कोप एक हंगाम उलटल्यावर, गरज आहे असं वहीतले आकडे सांगत असतील तरच. माझा दुरुस्त होऊन आलेला स्कोप सध्या नीट चालतोय, पण येत्या फेब्रुवारीआधी शेजारी आणि मी मिळून आणखी पैसे घालणार आहोत ते उत्तरेच्या कुंपणाला खालून विजेची तार लावण्यात.