मेंबरांचे छोटे टॉक: घंटा बरी की पळत्या स्लाईड्स?

आमच्या युजर ग्रुपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांच्या गटात, छोट्या टॉकचे दोन्ही प्रकार करून झालेत, म्हणून लिहितोय. लाइटनिंग टॉक म्हणजे पाच मिनिटं तुमची, काय करायचं ते करा, वेळ झाली की घंटा. दुसरा प्रकार पेचाकुचा, २० स्लाईड्स, प्रत्येकीला २० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंदांत खेळ खलास. इग्नाइटही तसंच, फक्त १५ सेकंदांची स्लाईड. स्लाईड आपोआप सरकते, तुम्ही मध्येच अडखळलात तरी ती थांबत नाही.

वेळ पाळायची तर पेचाकुचाला तोड नाही, हे मान्य. सगळ्यांच्या स्लाईड्स एकाच लॅपटॉपवर, त्यामुळे केबल काढा-घालायची भानगड नाही. लाइटनिंगमध्ये आमची पहिली बैठक त्यातच गेली, कुणाला टाइप-सी, कुणाला एचडीएमआय, कुणाची स्क्रीन एक्स्टेंड होऊन बसलेली, टॉक पाच मिनिटांचा आणि जोडणी चार मिनिटांची. मग एक एचडीएमआय स्विच आणला, एक जण बोलत असताना पुढच्याचा लॅपटॉप जोडून तयार, विषय संपला.

पण पेचाकुचाचा जो त्रास होता त्यावर मला काही उपाय सापडला नाही. तो म्हणजे स्लाईड्स गोळा करणं. आठवडाभर मेसेज, ‘आज रात्री नक्की देतो’, आणि आदल्या रात्री बारा वाजता चौदा स्लाईड्स येतात, उरलेल्या सहा तुम्हीच भरा. बरं, एवढं करून जे नेहमी बोलतात तेच बोलणार! आमच्यातला एक जण कधी तोंड उघडत नाही, त्याने बॅकअपची दहा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिलेली, २० स्लाईड्स म्हटल्यावर ‘राहू दे’ म्हणाला. पुढे लाइटनिंगला तोच उठला, टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडलं, स्क्रिप्ट चालवून दाखवली, तीन मिनिटांत खाली बसला. त्यानंतर प्रश्नच अर्धा तास चालले.

पेचाकुचा २००३ साली टोकियोत आर्किटेक्ट मंडळींनी सुरू केलं, त्यांच्याकडे दाखवायला चित्रं असतात, आपल्याकडे बऱ्याचदा कर्सर असतो. तुमच्याकडे फोटो, डिझाइनवाले जास्त असतील तर गणित वेगळं असेलही, मी नाही म्हणत नाही. आम्ही घंटेवर आहोत. फक्त ती वाजवायला जरा निर्दयी माणूस बसवा, आमचा पहिला भिडेखातर वाजवायचाच नाही.