गुणवत्ता कक्षावर उद्योगाचा प्रतिनिधी: वेर्ण्याचा व्यवस्थापक की गावातला सीए?

नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नियमानुसार महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षावर (आयक्यूएसी) उद्योगाचा प्रतिनिधी लागतो. नेमणूक 2 वर्षांची, तिमाहीत किमान एक बैठक, गणपूर्ती (बैठकीला लागणारी किमान हजेरी) दोन-तृतीयांश. म्हणजे 15 जणांच्या कक्षात 10 हजर हवेत, आणि गाडी अडते ती इथेच.

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतला एचआर (मनुष्यबळ) व्यवस्थापक आला की मुलाखतीत मुलं कुठे अडतात ते नेमकं कळतं: एक्सेलमध्ये पिव्होट टेबल जमत नाही, साधा ईमेल धड लिहिता येत नाही. त्यावरून मूल्यवर्धित (पदवीच्या जोडीने शिकवायचा) अभ्यासक्रम थेट आखता येतो. पण त्याची बदली झाली की खुर्ची रिकामी, आणि कामाच्या दिवशी दुपारची बैठक त्याला झेपत नाही.

म्हापशातला किंवा फोंड्यातला सीए आवाका लहान असूनही बैठकीला येतो आणि दोन मुलांना इंटर्नशिपला घेतो. मात्र जुलै आणि सप्टेंबरअखेर त्याला बोलावू नका, तेव्हा विवरणपत्रं आणि ऑडिटची घाई असते.

एकच जागा असेल तर आमची पसंती सीएला. इतिवृत्तावर नुसतं नाव नको, कृती अहवालात त्याने सुचवलेलं एखादं काम पूर्ण झालेलं दिसायला हवं.