मिरजेत केस पेपरच्या नावाखाली अडीच हजार उकळले, तेही अर्धवट कागदांसाठी

आक्काचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन मिरजेतल्या एका खासगी दवाखान्यात झालं. कॅशलेस मंजूर झालं नाही, म्हणून बिल भरून नंतर क्लेम टाकला. विमा कंपनीनं इनडोअर केस पेपरच्या, म्हणजे भरती असतानाच्या उपचारांच्या नोंदींच्या, संपूर्ण प्रती मागितल्या. दाजी त्या आणायला गेले.

रेकॉर्डच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "फाइल गोडाऊनला गेलीय. काढायचे अडीच हजार. आज भरा, नाहीतर महिना जाईल." क्लेमची मुदत तोंडावर आलेली, दाजींनी पैसे दिले. पावती मागितली तर औषधाच्या जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर पेन्सिलनं '२५००' लिहून दिलं. ना सही, ना शिक्का.

आणि मिळालं काय? डिस्चार्ज कार्ड आणि बिलांच्या झेरॉक्स, जे घरात आधीच होतं तेच! ऑपरेशनची नोंद नाही, भूलतज्ज्ञांचा कागद नाही, नर्सिंग चार्ट नाही. क्लेम पुन्हा अडकला. विचारायला गेल्यावर तोच माणूस म्हणतो, "त्याचे वेगळे पडतील." आजारी माणसाच्या घरच्यांना असं नाडायचं, याची मला आजही चीड येते.

नियम अगदी स्पष्ट आहे. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं कागद मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात. भरती रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपावं लागतं. प्रतींचा रास्त खर्च दवाखाना घेऊ शकतो, पण तो झेरॉक्सचा. "फाइल काढायचे" असले पैसे त्यात बसत नाहीत.

मग आक्काच्या सहीचा अर्ज आणि मला दिलेलं अधिकारपत्र घेऊन मी थेट वैद्यकीय अधीक्षकांकडे गेलो. अर्जात २००२ च्या नियमाचा उल्लेख केला आणि 'ऑपरेशन नोट, भूल नोंद, नर्सिंग चार्टसह केस पेपरचं प्रत्येक पान, शिक्का मारून' असं लिहिलं. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. ती पोच महत्त्वाची, कारण ७२ तास तिथूनच मोजायचे. मुदतीच्या आत सगळी फाइल मिळाली, झेरॉक्सच्या पैशांत आणि छापील पावतीसह.

अडीच हजार मात्र परत मिळाले नाहीत. पेन्सिलच्या आकड्याला कोणी दाद देत नाही. रोख मागितली तर आधी छापील पावती मागा. दवाखाना दाद देत नसेल तर पोच घेतलेला अर्ज जोडून महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करा.